साथीच्या आजारांना वाट न देणारी शाळा: नकाशापासून नळापर्यंत

१९७४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत गोवराची साथ आली. शाळा आधुनिक होती आणि जवळजवळ सगळ्या मुलांना लस दिलेली होती. तरीही एका आजारी विद्यार्थ्यापासून आणखी २८ मुलांना लागण झाली. ही २८ मुलं १४ वेगवेगळ्या वर्गांत बसणारी होती आणि त्यांतली बरीच त्या विद्यार्थ्याबरोबर एका खोलीत कधी बसलीही नव्हती. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. इमारतीची वायुवीजन यंत्रणा सगळ्या वर्गांतली हवा एकत्र ओढत होती आणि तिचा मोठा भाग पुन्हा सगळ्या वर्गांत सोडत होती. एका खोलीतला विषाणू चौदा खोल्यांत पोचवण्याचं काम इमारतीनेच केलं होतं.

या लेखाचा आधार हीच गोष्ट आहे. शाळेत आजार किती पसरेल यातला मोठा वाटा इमारत ठरवते आणि तोही बराचसा कागदावर, पहिली वीट रचण्याआधी. वर्गाची लांबी-रुंदी, समोरासमोरच्या भिंतींतली उघडी जागा, मार्गिका, स्वच्छतागृहाची जागा हे एकदा चुकलं की नंतर जंतुनाशकांनी किंवा यंत्रांनी ते पुरतं भरून निघत नाही. म्हणून नवी शाळा बांधणारे संस्थाचालक, वास्तुरचनाकार, मुख्याध्यापक आणि जुनी इमारत सुधारू पाहणारे पालक या सगळ्यांसाठी कामं ज्या क्रमाने करावीत, त्याच क्रमाने मांडतो आहे.

१. आजार कोणत्या वाटेने येतो ते आधी ठरवा

शाळेतले संसर्ग ढोबळमानाने चार वाटांनी पसरतात. पहिली वाट हवेची: गोवर, कांजिण्या, क्षयरोग, फ्लू, कोविड. बोलताना, गाताना, खोकताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण खोलीत तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. दुसरी वाट हात आणि तोंडाची: हगवण, नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू), अ-प्रकारची कावीळ. तिसरी पाण्याची, आणि चौथी साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांची.

पैसे कुठे घालायचे हे यावरून ठरतं. माझं स्पष्ट मत असं की बहुतेक शाळा दुसऱ्या वाटेवर थोडाफार विचार करतात, पण पहिलीकडे जवळजवळ पाहतच नाहीत. घाणेरडी फरशी डोळ्यांना दिसते, दूषित हवा दिसत नाही. म्हणून या लेखात हवेला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

२. हवेचं उद्दिष्ट आकड्यात लिहून काढा

‘खोल्या हवेशीर असाव्यात’ असं निविदेत लिहिलं तर त्याला काहीच अर्थ राहत नाही, कारण ते कुणाला मोजता येत नाही. आकडा लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली शाळांसारख्या बिगर-निवासी इमारतींसाठी दर माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा हे किमान प्रमाण सुचवलं. त्याचा हिशेब असा करायचा.

वर्ग ८ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३.२ मीटर उंच आहे असं धरा. आकारमान जवळजवळ १८० घनमीटर. शिक्षकासह ४० माणसं. ४० गुणिले १० म्हणजे सेकंदाला ४०० लिटर, म्हणजेच तासाला १४४० घनमीटर. भागिले १८०, उत्तर ८. या वर्गातली हवा तासाला ८ वेळा बदलायला हवी. त्याच खोलीत २० मुलं बसवली तर चार-साडेचार वेळा पुरते. म्हणून पट वाढला की हवेचा हिशेब नव्याने करावा लागतो, ही अट व्यवस्थापनाच्या ठरावातच घालून ठेवा.

हे मोजायचं कसं? कार्बन डायऑक्साइडवरून. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी एकोणिसाव्या शतकातच ही खूण सुचवली होती आणि १००० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग) मर्यादाही घातली होती. माणूस श्वासातून हा वायू सोडतो, त्यामुळे खोलीत तो जितका साठलेला तितका दुसऱ्यांचा उच्छ्वास तिथे साठलेला. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० ते ४३० पीपीएम असतो. बसून अभ्यास करणारं मूल सेकंदाला सुमारे ०.००४ लिटर वायू सोडतं. दर माणशी १० लिटर ताजी हवा मिळाली तर खोलीतला आकडा बाहेरच्यापेक्षा सुमारे ४०० ने वाढून ८२०-८३० वर स्थिरावतो. ५ लिटर मिळाली तर १२००च्या पुढे, आणि अडीच लिटर मिळाली तर २०००च्या पुढे जातो.

२००० हा आकडा किती वाईट आहे? उच्छ्वासात या वायूचं प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतं. बाहेरच्यापेक्षा १६०० ने जास्त म्हणजे मूल घेत असलेल्या हवेतला पंचविसावा भाग आधीच कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. त्या वर्गात क्षयरोगाचं एक निदान न झालेलं मूल असेल तर काय होईल याची कल्पना करा. तैपेईमधल्या एका विद्यापीठात क्षयाची साथ आली, तेव्हा कोंदट वर्गांत हा आकडा ३००० च्या वर गेलेला आढळला. वायुवीजन सुधारून तो ६०० च्या आसपास आणल्यावर संपर्कातल्या लोकांमधले नवे रुग्ण जवळपास थांबले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही घट ९७ टक्के असल्याचं दाखवलं.

तेव्हा निविदेतलं वाक्य असं असू द्या: ‘पूर्ण पटसंख्येने वर्ग भरलेला असताना, तास संपतेवेळी कार्बन डायऑक्साइड ८०० ते ९०० पीपीएमच्या वर जाऊ नये.’ हे कुणालाही तपासता येतं.

३. खोलीचा छेद आधी काढा, दर्शनी भाग नंतर

वास्तुरचनाकाराकडून पहिल्या बैठकीत इमारतीचं देखणं चित्र मागू नका. एका वर्गाचा उभा छेद मागा: जमीन, खिडकी, छत, समोरची भिंत आणि त्यापलीकडची मार्गिका. हवा कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हे त्या छेदात बाणांनी दाखवता आलं नाही, तर पुढचं काम थांबवा.

उघडणारी जागा एकाच भिंतीत असेल, तर ताजी हवा खोलीच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच नीट पोचते. समोरासमोरच्या दोन भिंतींत उघडी जागा असेल तर ती मर्यादा उंचीच्या सुमारे पाचपट होते. आता प्रमाणाचा फरक पाहू. ताशी दोनच किलोमीटरच्या आसपासचा, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर इतका मंद वारा आहे. एका भिंतीत चार चौरस मीटर उघडी जागा दिली, तर ढोबळ सूत्राप्रमाणे वाऱ्यामुळे सेकंदाला फक्त ५० लिटर हवा येते. तीच चार चौरस मीटर दोन-दोन करून समोरासमोरच्या भिंतींत वाटली, तर ढोबळ हिशेब ६५० लिटरवर जातो. प्रत्यक्षात वारा तिरका येतो, शेजारची इमारत आडवी येते, त्यामुळे फरक यापेक्षा कमी निघेल. पण तो कित्येक पटींचाच राहतो. खिडक्यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, बदललं ते फक्त स्थान.

म्हणून मधोमध बंद मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना वर्ग ही रचना, जी जागा वाचवते म्हणून जगभर सर्रास वापरली जाते, ती मला सर्वांत घातक वाटते. तिथे प्रत्येक वर्गाला एकच बाहेरची भिंत मिळते. दुसऱ्या बाजूला उघडलं तर हवा मार्गिकेत जाते आणि तिथून समोरच्या वर्गात. वर्गांची एकच रांग आणि तिच्या बाजूने उघडा व्हरांडा ही जुनी पद्धत आजारांच्या दृष्टीने कितीतरी सरस आहे. दोन्ही बाजूंना मोकळी हवा, मुलांची ये-जा उघड्यावर, आणि भिंतीला लागून पावसाचं संरक्षण. जागा फार कमी असेल तर मजले वाढवा, पण रांगा दोन करू नका.

मध्ये बंद मार्गिका ठेवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर वर्गाच्या आतल्या बाजूला छतापर्यंत जाणारी उभी हवापोकळी द्या. तिचं तोंड छताच्या वर काढा. गरम हवा वर जाते, खालून ताजी ओढली जाते. दारावरचे झरोके मार्गिकेत उघडण्याआधी अग्निसुरक्षेचे नियम मात्र तपासा; आगीचा धूरही त्याच वाटेने जातो.

छताची उंची कमी करून पैसे वाचवण्याचा मोह टाळा. पेरूची राजधानी लिमा इथे रुग्णालयांच्या खोल्यांतली हवा मोजली गेली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या ५० वर्षांहून जुन्या इमारतींत खिडक्या उघडल्यावर तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती, तर नव्या इमारतींत सुमारे १७ वेळा. जुन्या लोकांना विषाणू दिसत नव्हता, पण क्षयाची भीती होती आणि ती त्यांच्या बांधकामात उतरली. १९०४ साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथे रानात भरणारी शाळा सुरू झाली, ती याच भीतीतून. डच वास्तुरचनाकार यान डाउकर यांनी ॲम्स्टरडॅममध्ये बांधलेली, १९३० साली पूर्ण झालेली मोकळ्या हवेची शाळा तर आजही उभी आहे. वर्गाच्या बाजू जवळजवळ पूर्ण उघडतात आणि मजल्यामजल्याला उघड्यावर शिकवण्यासाठी गच्ची आहे. पुढे प्रतिजैविकं आली, १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या, आणि हे शहाणपण मागे पडलं.

४. खिडकी: इथे तपशील सगळं ठरवतो

नकाशावर दाखवलेली खिडकी आणि प्रत्यक्षात उघडणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकती खिडकी जास्तीत जास्त निम्मी उघडते. बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. वरून थोडीशी आत कलणारी दिसायला मोठी असते, पण हवेला मिळते ती एक फट. म्हणून खिडक्यांच्या तक्त्यात ‘निव्वळ उघडी जागा’ असा स्वतंत्र रकाना मागा. फरशीच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के निव्वळ उघडी जागा हे उद्दिष्ट ठेवा. वरच्या ५६ चौरस मीटरच्या वर्गाला साडेपाच-सहा चौरस मीटर, दोन भिंतींत वाटून.

वारा पडलेल्या दिवशीही हवा हलावी यासाठी उघडी जागा दोन उंचींवर हवी. एक बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या पातळीवर किंवा खाली, दुसरी छताला लागून. दोन्हींत दीड मीटर किंवा अधिक अंतर असलं की तापमानाच्या फरकानेच हवा वर चढते. वरचे झरोके थंडीतही उघडे ठेवता येतात, कारण गार झोत थेट मुलांच्या अंगावर येत नाही. एवढ्या एका कारणासाठी ते हवेतच. त्यांना खालून चालवता येईल असा दांडा किंवा साखळी लावा. शिडी लागणारा झरोका कुणी उघडत नाही.

पावसाची झड आत आली की खिडक्या बंद होतात आणि नेमक्या पावसाळ्यात सर्दी-फ्लू वाढतो. म्हणून छज्जा पुरेसा खोल घ्या, किंवा तिरक्या पट्ट्यांची झडप लावा, जिच्यातून पाणी येत नाही पण हवा येते. डासांसाठी जाळी लागणार असेल तर ती हवेचा बराच वाटा अडवते हे धरून उघडी जागा वाढवा, आणि जाळी काढून धुता येईल अशी बसवा. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे भिंतच. वरच्या मजल्यांवर मुलं पडू नयेत म्हणून गज लावताना आग लागल्यास बाहेर पडता येईल अशी एक चौकट उघडणारी ठेवा.

आवाजाचा प्रश्न खराच आहे. रस्त्याच्या बाजूला वर्ग ठेवले की शिक्षक पहिल्याच आठवड्यात खिडक्या लावून घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. जिने, भांडारं, कार्यालय रस्त्याकडे ठेवा. वर्ग आतल्या अंगणाकडे.

५. खिडक्या पुरत नसतील तेव्हा

कडक थंडी, प्रदूषण, किंवा नुसता वारा न येणारी जागा यांमुळे यंत्राचा आधार घ्यावा लागतो. आधी दोन गैरसमज दूर करू. छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. भिंतीवरचा साधा वातानुकूलक तीच हवा आत ओढून, गार करून पुन्हा सोडतो. त्यातून ताजी हवा येत नाही. दारं-खिडक्या लावून वातानुकूलक चालवलेला गच्च भरलेला वर्ग ही संसर्गासाठी अत्यंत सोयीची जागा आहे.

सर्वांत साधा उपाय म्हणजे हवा बाहेर फेकणारा पंखा. तो खिडक्यांच्या समोरच्या भिंतीत, शक्य तितका उंच बसवा. तो अगदी उघड्या खिडकीशेजारी बसवला तर खिडकीतून आलेली हवा तिथल्या तिथे बाहेर जाईल आणि खोलीचं दुसरं टोक कोंदटच राहील. मोठ्या यंत्रणेचा विचार असेल तर बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता ताज्या हवेला देणारी यंत्रणा घ्या, आणि प्रत्येक वर्गाची हवा सरळ बाहेर जाऊ द्या. वर्गावर्गांतली हवा एकत्र करून परत पाठवणारी यंत्रणा आधीपासून असेल, तर बाहेरच्या हवेचं प्रमाण वाढवा आणि मर्व्ह-१३ दर्जाची गाळणी बसवा (मर्व्ह म्हणजे गाळणी बारीक कण किती अडवते याची प्रतवारी). त्याआधी पंख्याला तो ताण झेपतो का ते अभियंत्याकडून तपासून घ्या.

हवा गाळणारी फिरती यंत्रं उपयोगी आहेत. हेपा गाळणी सर्वांत निसटते समजले जाणारे ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवते. पण खरेदी करताना पाहायचा आकडा हा नाही. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, तो पाहा. आपल्या १८० घनमीटरच्या वर्गात तासाला तीन वेळा इतकी भर घालायची तर ५४० घनमीटर लागतात. तेवढी हवा मधल्या वेगावर देणारं यंत्र घ्या, कारण पूर्ण वेगावर ते घोंघावतं आणि शिकवताना बंद केलं जातं. वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आसपासच असावा ही शिफारस लक्षात ठेवा. पैसे फारच कमी असतील तर चौकोनी पंख्याभोवती चार-पाच गाळण्या चिकटवून तयार होणारी कॉर्सी-रोझेंथल पेटी हा कामचलाऊ नव्हे, चांगला पर्याय आहे. फक्त एक लक्षात असू द्या: गाळणी विषाणू पकडते, कार्बन डायऑक्साइड नाही. यंत्र लावल्यावर मापकावरचा आकडा उतरला नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही.

छताजवळच्या हवेवर अतिनील किरण सोडण्याचा मार्गही आहे. अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांत तो वापरला आणि १९४१ च्या गोवराच्या साथीत तिथे फैलाव खूपच कमी झाला. पुढे इतरत्र केलेल्या काही प्रयोगांत तसं यश दिसलं नाही; मुलं शाळेच्या गाडीत आणि गावात एकत्र येतच होती. दिवे दोन मीटरपेक्षा चांगल्या उंचीवर, किरण फक्त वरच्या पट्ट्यात राहतील असे बसवावे लागतात आणि चुकीच्या बसवणीने डोळ्यांना, कातडीला इजा होते. जाणकार तंत्रज्ञ नसेल तर या वाटेला जाऊ नका.

६. स्वच्छतागृह आणि हात धुण्याची जागा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या शाळाविषयक मानकांत दर २५ मुलींमागे एक संडास, आणि दर ५० मुलग्यांमागे एक संडास व एक मुतारी असं प्रमाण आहे. मधल्या सुट्टीत सगळे एकदम येतात, म्हणून मी हे किमानच मानेन. एकाच टोकाला मोठं स्वच्छतागृह बांधण्यापेक्षा दर चार-सहा वर्गांमागे छोटं बांधा. गर्दी फुटते, आणि एका गटातली हगवण साऱ्या शाळेत जात नाही.

आत जाण्याच्या वाटेला दार नको. दोन आडव्या भिंतींचं वळण दिलं की आतलं दिसत नाही आणि हात धुऊन आलेल्या मुलाला कडीला हात लावावा लागत नाही. आतली हवा पंख्याने सतत बाहेर जावी आणि ती वर्गाच्या खिडकीजवळ सोडू नये.

हात धुण्याची जागा स्वच्छतागृहाच्या बाहेर, व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा. आडोशाला ठेवलेलं बेसिन वगळून जाणं सोपं असतं. वाटेत असलेलं नसतं. लांब मोरी आणि तिच्यावर ओळीने सहा-आठ नळ ही रचना एकेका बेसिनपेक्षा स्वस्त आणि जलद. कोपराने ढकलायची किंवा पायाने दाबायची तोटी उत्तम. मोरीची उंची लहानांसाठी ५०-५५ सेंटिमीटर, मोठ्यांसाठी ७०-८० ठेवा. नळाला हात न पोचणारं मूल धुतल्यासारखं करतं आणि निघतं. साबणाची जागा भिंतीतच बांधून काढा, ती विसरली तर साबणही विसरला जातो. सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. दुसरी मोरी जेवणाच्या जागेच्या वाटेवर हवीच.

नळकामातली एक बारीक गोष्ट जीवघेणी ठरू शकते. जमिनीतल्या जाळीखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी साचलेलं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. सुट्टीत ते सुकतं. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत ३०० पेक्षा जास्त लोकांना सार्स झाला, त्यात सुकलेल्या नळ्यांमधून घरात शिरलेल्या दूषित हवेचा मोठा वाटा होता. दीर्घ सुट्टीनंतर शाळा उघडताना प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, आणि सगळे नळ काही मिनिटं सोडून द्या म्हणजे नळ्यांत साचून राहिलेलं पाणी निघून जाईल.

७. पिण्याचं पाणी आणि डास

पिण्याचे नळ हात धुण्याच्या मोरीपासून वेगळे ठेवा. टाकीला घट्ट झाकण, ओसंडून वाहण्याच्या नळीला बारीक जाळी, तळाला उतार आणि पूर्ण रिकामी करता येईल असा नळ द्या. क्लोरीन घातल्यावर अर्ध्या तासाने पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक राहायला हवं. ते तपासण्याचा संच शाळेत असू द्या.

गच्चीचा उतार, छज्जांवर तुंबणारं पाणी, नळाखालचा खड्डा, झाकण नसलेला पंपाचा हौद या डेंग्यूच्या डासाच्या आवडत्या जागा. गवंड्याला सांगा की पाणी ओतून उतार दाखवल्याशिवाय गच्चीचं काम ताब्यात घेणार नाही.

८. वर्गाबाहेरच्या खोल्या

शिक्षकांची खोली हमखास विसरली जाते. सगळ्या वर्गांत जाऊन आलेली माणसं एका लहान, बहुधा आतल्या बाजूच्या खोलीत बसून चहा पितात आणि पुन्हा सगळ्या वर्गांत जातात. तिला वर्गाइतकीच हवा द्या.

जेवताना मुलं जवळ बसतात, मोठ्याने बोलतात. जेवणाची जागा वरून छप्पर आणि बाजूंनी मोकळी अशी असेल तर निम्मा प्रश्न मिटतो. संगीताच्या आणि खेळाच्या बंद खोल्यांत दर माणशी हवेचं प्रमाण वाढवा. गाताना आणि धापा टाकताना कण कितीतरी जास्त बाहेर पडतात.

आजारी मुलाला पालक येईपर्यंत बसवण्यासाठी वेगळी खोली हवी: प्रवेशद्वाराजवळ, बाहेर उघडणारं स्वतःचं दार, स्वतःचा संडास, हवा बाहेर फेकणारा पंखा, आणि कार्यालयातून दिसेल अशी काच. मूल एकटं पडल्यासारखं वाटू नये, हे त्या काचेचं काम.

९. इमारत आधीच उभी असेल तर

आधी मोजा, मग खर्च करा. अवरक्त प्रकाशकिरणांनी वायू मोजणारा कार्बन डायऑक्साइड मापक घ्या आणि तो खिडकीपासून, दारापासून आणि कुणाच्या तोंडासमोरून दूर, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. प्रत्येक वर्गात तास संपतेवेळचा आकडा टिपा. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांतला आकडा फसवतो, कारण वायू साठायला वेळ लागतो.

मग हवाबदलाचा वेग काढा. मुलं बाहेर गेल्यावर खिडक्या आहेत तशाच ठेवा. आतला आकडा १६२० आणि बाहेरचा ४२० असेल तर फरक १२००. तो ३७ टक्क्यांवर, म्हणजे ४४० वर यायला किती मिनिटं लागतात ते पाहा. मापक तेव्हा ८६० दाखवेल. साठ भागिले ती मिनिटं म्हणजे तासाला किती वेळा हवा बदलते. १५ मिनिटं लागली तर चार वेळा. ४० लागली तर दीड वेळा, आणि त्या वर्गाचं काम सर्वांत आधी घ्या.

कामाचा क्रम: रंगाने चिकटलेल्या, खिळे ठोकलेल्या, कपाटांनी झाकलेल्या खिडक्या मोकळ्या करा, आश्चर्य वाटेल इतका फरक यानेच पडतो. नंतर समोरच्या भिंतीत झरोके फोडा, भारवाही भिंत असल्यास अभियंत्याला विचारून. मग पंखा. शेवटी गाळणीची यंत्रं, तीही उरलेल्या खोल्यांपुरती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कोविडकाळात १६९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. वायुवीजन सुधारलेल्या शाळांत रुग्णांचं प्रमाण ३९ टक्के कमी होतं. ताज्या हवेला गाळणीची जोड असलेल्या ठिकाणी ४८ टक्के. बाकांवरच्या प्लास्टिकच्या पडद्यांचा मात्र ठोस फायदा दिसला नाही.

म्हणून पडदे, माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे, ‘जंतुरोधक’ रंग यांवर पैसे घालू नका. मुलांवर रसायन फवारणं तर घातकच आहे. तोच पैसा खिडक्यांच्या बिजागऱ्यांवर घाला.

१०. इमारत ताब्यात घेताना

करारात शेवटचा हप्ता चाचणीला बांधा. प्रत्येक मजल्यावरचे दोन वर्ग, त्यांतला एक वाऱ्याच्या आडोशाचा, पूर्ण पटाने भरून दोन तास चालवा आणि आकडे नोंदवा. झरोक्यांचे दांडे शिक्षकांच्या हाताने चालवून पाहा. गाळण्या कधी बदलायच्या, जाळ्या कधी धुवायच्या, टाकी कधी उपसायची याची नावानिशी यादी कंत्राटदाराकडून लिहून घ्या. आणि एवढ्यावर हप्ता सोडू नका. थंडीत किंवा मुसळधार पावसात, जेव्हा खिडक्या लावण्याची इच्छा सर्वांत जास्त असते, तेव्हा तीच चाचणी पुन्हा घ्या आणि त्या दिवशीच्या आकड्यावर हिशेब पुरा करा.